धुराचे निमित्त

आषाढी एकादशीला कोकणातल्या माणसाला पांडुरंगाचे दर्शन भिजल्यावाचून घडत नाही. देशावरची वारी ऊन आणि सरी अंगावर झेलीत चंद्रभागेच्या वाळवंटी पोहोचते. ज्यांना ती वाट चालणे घडत नाही असे आम्ही रत्नागिरीकर त्या दिवशी आपल्या गावातल्या विठ्ठलमंदिराची वाट धरतो. दाराशी निथळणाऱ्या छत्र्यांचा ढीग, आत ओल्या कपड्यांचा आणि बुक्क्याचा मिसळलेला वास, आणि बाहेर पावसाची न थांबणारी झड. अशा रात्री हरिकथेला उभे राहण्याचे भाग्य मला आजवर अनेकदा लाभले आहे, आणि आजही लाभणार आहे.

नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला श्रोत्यांचे चेहरे जसे दिसतात तसे दुसऱ्या कोणालाही दिसत नाहीत. चाळीसहून अधिक वर्षे मी ते पाहत आलो आहे. पूर्वरंगात निरूपण चालले असता मंडळी भिंतीला टेकून असतात. कोणी जांभई देतो, कोणी घड्याळाकडे पाहतो. मध्यंतरीचा नामगजर झाला, बुक्का लावून झाला आणि उत्तररंगात आख्यानाला आरंभ झाला, की हळूहळू पाठी ताठ होतात. आणि मग, कथा करुणेच्या वळणावर आली म्हणजे, बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागतातच. पण पुरुषांच्या बाजूलाही, खांबाच्या आडोशाला, मागच्या रांगेत, कधी अगदी माझ्या समोर, डोळे भरून वाहत असतात. कचेरीतला कारकून, आंब्याचा व्यापारी, निवृत्त मास्तर, मचव्यावर जन्म काढलेला तांडेल, कोणीही त्याला अपवाद नाही.

खरी गंमत मात्र आरतीनंतर असते. निरांजनावरून हात फिरवून तेच हात डोळ्यांवरून फिरविले, की अश्रूंची विल्हेवाट देवाच्या साक्षीने आणि कोणाच्या लक्षात न येता लागते. मग खाकरणे, नाक शिंकरणे, छत्री शोधणे. पायरीवर भेटतात तेव्हा म्हणतात, "बुवा, आज पेटी फार सुरेख लागली होती हो!" पेटी रोजच्यासारखीच लागलेली असते. रडलो, असे मात्र आजवर एकाही पुरुषाने मला सांगितलेले नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत अश्रू हा एक. हे अश्रू कशाकशाने येतात त्याची मुनींनी दिलेली यादी मोठी व्यवहारी आहे. आनंद, अमर्ष, भय आणि शोक तर तिच्यात आहेतच. पण धूर, काजळ, जांभई, थंडी, आजार आणि डोळ्याची पापणी न हलविता एकटक पाहणे हीही कारणे त्याच पंक्तीत बसविलेली आहेत. विद्यार्थिदशेत ही यादी पाठ करताना मला हसू येत असे. कुठे शोक आणि कुठे जांभई! पुढे अनेक वर्षांनी ध्यानात आले की धूर आणि शोक यांना शेजारी बसविणाऱ्या त्या शास्त्रकाराने माणसे फार जवळून पाहिलेली असली पाहिजेत.

मी अकरा वर्षांचा असताना माझी मोठी बहीण गेली. दिवस पावसाळ्याचेच होते. आमच्याकडे चितेला बहुधा आंब्याचे लाकूड असते, आणि पावसाळ्यात ते कितीही जपून ठेवले तरी ओल धरते. ज्वाळेपेक्षा धूरच अधिक होतो. स्मशानात मला नेले नव्हते, पण परतलेली पुरुषमंडळी ओटीवर बसलेली मला आठवतात. सर्वांचे डोळे लाल होते. वडील म्हणाले, "धूर फार झाला." काका म्हणाले, "फारच." मग शेजारचे गृहस्थही म्हणाले, की लाकूड ओले होते. माजघरातून आईचा आणि आत्याचा आक्रोश ऐकू येत होता, आणि ओटीवर तीन प्रौढ पुरुष लाकडाच्या ओलेपणाविषयी बोलत होते. मला ते त्या वेळी शब्दशः खरे वाटले. वडीलही हरिदासच होते. त्यांच्या कीर्तनात शेकडो माणसे रडत. त्यांना स्वतःला रडताना मी कधीही पाहिले नाही.

पुरुषाने चारचौघांत रडू नये, हा नियम आपल्याकडे आला कोठून? "बायकांसारखा काय रडतोस" हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी पुरुष विरळा. या वाक्याला शास्त्राचा आधार असावा असे पुष्कळांना वाटते. मी आपल्या अल्प अध्ययनाप्रमाणे तो शोधून पाहिला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आप्तांनी रडू नये असे सांगितले आहे खरे, कारण त्यांनी गाळलेले अश्रू मृताला नाइलाजाने प्राशन करावे लागतात अशी समजूत तेथे दिली आहे. पण तो निषेध बांधवांना आहे, म्हणजे सर्वांनाच. स्त्रियांनी रडावे आणि पुरुषांनी लाकडाविषयी बोलावे, अशी वाटणी स्मृतिकाराने त्या ठिकाणी केलेली नाही.

दुसरा आधार गीतेचा देतात. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मधोमध, म्हणजे याहून अधिक सार्वजनिक जागा ती कोणती, अर्जुन डोळ्यांत पाणी आणून रथात बसला आणि भगवंतांनी त्याला 'क्लैब्य' या कठोर शब्दाने फटकारले. येथपर्यंत खरे आहे. परंतु भगवंतांचा रोष त्याच्या पाण्याने भरलेल्या डोळ्यांवर नव्हता, खाली पडलेल्या धनुष्यावर होता. डोळे पूस, असे ते म्हणत नाहीत. ऊठ, असे म्हणतात. हाच अर्जुन पुढे अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून रोमांचित होतो, थरथर कापतो, त्याचा कंठ दाटून येतो. ज्ञानेश्वरमहाराजांनी त्या ठिकाणी त्याच्या अष्टसात्त्विक भावांचे वर्णन जीव ओतून केले आहे. तेथे त्याला कोणीही क्लीब म्हणत नाही. माणूस तोच, रणांगण तेच, शरीराची अवस्थाही जवळजवळ तीच.

गीतेचा विषय निघाला म्हणजे रत्नागिरीच्या माणसाचे पाऊल आपोआप टिळक आळीकडे वळते. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म याच गावात झाला. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव १९०३ साली प्लेगने गेले, तेव्हा त्यांनी दाखविलेल्या धैर्याची कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितली जाते. गावाची होळी पेटली की प्रत्येक घरातून गोवरी जायचीच, अशा अर्थाचे काही ते बोलले, असे म्हणतात. आम्हा मुलांना ही गोष्ट पुरुषार्थाचा धडा म्हणून शिकविली गेली. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. प्लेगच्या दिवसांत सारे गाव ज्याच्याकडे पाहत असे त्याने कोसळून चालणारे नव्हते.

पण या कथेची दुसरी बाजू धड्यांत नसे. १९०८ ते १९१४ ही वर्षे लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. (दैवाचा खेळ पाहा: मंडालेचा राजा थिबा याच सुमारास आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढीत होता. रत्नागिरीचा सुपुत्र त्याच्या राजधानीत कैदी आणि तो आमच्या!) तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्याची हस्तलिखिते सिद्ध केली. सुखदुःखे समान मानून कर्म करीत राहावे, हा ज्याचा गाभा, तो ग्रंथ लिहून होऊन सव्वा वर्ष उलटते तोच, जून १९१२ मध्ये, सत्यभामाबाईंच्या निधनाची तार त्यांना पोहोचली. त्यानंतर घरी लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे की संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय असली, तरी या आघाताने आपण हादरून गेलो. अखेरच्या वेळी जवळ असता आले नाही, याचेही शल्य त्यांनी त्या पत्रात बोलून दाखविले. होळीची कथा सर्वांच्या तोंडी आहे आणि हे पत्र थोड्यांच्या. आपण आपल्या थोर पुरुषांच्याही डोळ्यांतील पाणी परस्पर पुसून टाकतो, ते असे.

याच जिल्ह्याने महाराष्ट्राला असाही एक पुरुष दिला, की ज्याचे अश्रू पुसून टाकणे कोणालाच साधले नाही. दापोली तालुक्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने. नाव पांडुरंग, आजच्या दिवशी त्यांचे स्मरण व्हावे हे यथायोग्यच. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली, आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकाची बैठक बारकाईने पाहिली आहे काय? सायंप्रार्थना झाल्यावर आश्रमात श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. सांगणारा पुरुष, ऐकणारे बहुतेक पुरुषच, आणि सांगता सांगता त्याचा गळा भरून येतो, ऐकता ऐकता त्यांचे डोळे. आम्हा हरिदासांना ही बैठक ओळखीची आहे. ते कीर्तनच आहे. फक्त आख्यान पुराणातले नसून स्वतःच्या आईचे आहे. रामाचा किंवा हरिश्चंद्राचा आडपडदा त्याला नाही. लोकांना बोचले ते बहुधा हेच.

'रडके' हा शिक्का गुरुजींच्या लेखनावर त्यांच्या हयातीतच बसला आणि तो पुढेही पुसला गेला नाही. विद्वानांच्या बैठकीत त्यांचे नाव निघाले की एखादा तरी स्मितहास्य करतो. तरुणपणी ते मीही केले आहे. संस्कृत काव्याचा अभ्यास करणाऱ्याला, करुणरस असावा तर भवभूतीचा, असे वाटत असे. पुढे लक्षात आले, की ज्यांच्या विनोदाने आणि टीकेने भलेभले घायाळ झाले त्या आचार्य अत्र्यांनी चित्रपटासाठी निवडले ते हेच 'रडके' पुस्तक. १९५३ चा तो चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. थिएटरच्या अंधारात किती पुरुषांनी डोळे पुसले असतील त्याची गणती कोण करणार? अंधारही धुरासारखाच सोयीचा.

आता याच रडक्या पुरुषाचे दुसरे चरित्र पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकता ऐकता जशीच्या तशी उतरवून घेतली ती साने गुरुजींनी. अर्जुनाच्या अश्रूंपासून सुरू होणारा तो ग्रंथ महाराष्ट्राच्या हाती आला तो असा. आणि पंढरपूर! विठोबाच्या ज्या मंदिरात अठरापगड जातींच्या संतांनी टाहो फोडला, त्याचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंदच होते. ते उघडावे म्हणून गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले आणि शेवटी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले तेव्हाच ते सुटले. आज एकादशीला त्या देवाच्या पायांवर जो कोणी डोके ठेवतो आणि ज्याला त्याची जात कोणी विचारीत नाही, त्याला त्या दहा-अकरा दिवसांच्या उपासाचे स्मरण असो वा नसो. डोळे भरून येणाऱ्या माणसाच्या हातून धनुष्य पडलेच पाहिजे असे नाही.

तथापि येथे एक गोष्ट न सांगता पुढे गेलो तर मी अप्रामाणिक ठरेन. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले जीवन स्वतःच संपविले. तेव्हा रडणे हे सर्व दुःखावर औषध आहे, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांनी उभ्या महाराष्ट्रासमोर अश्रू ढाळले. त्या महाराष्ट्राने त्यांचे काय केले, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.

देवाच्या दारी रडण्याला आपल्याकडे कधीच बंदी नव्हती. नारदांनी भक्तिसूत्रांत भक्तांचे लक्षण सांगताना दाटलेला कंठ, रोमांच आणि अश्रू यांचाच उल्लेख केला आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान उद्धवाला सांगतात, की ज्याची वाणी गद्गद होते, चित्त द्रवते, जो वारंवार रडतो, मध्येच हसतो, लाज सोडून गातो आणि नाचतो, असा माझा भक्त जगाला पावन करतो. मूळ शब्द 'विलज्ज' असा आहे. त्या शब्दावर मी पूर्वी घाईने पुढे जात असे, आता थांबतो. लाज सोडावी लागते, याचा अर्थ लाज तेव्हाही होतीच. वारीत ज्ञानोबा आणि सोपानकाका यांच्या पालख्यांची बंधुभेट होते, तेव्हा रांगड्या शेतकऱ्यांना लहान मुलांसारखे रडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय सांगावे? आमच्या कोकणातही गणपती पोहोचवायला गेलेला चाकरमानी रिकाम्या पाटावर चिमूटभर वाळू घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावरून परततो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे फार वेळ पाहवत नाही. त्याला कोणीही 'बायकांसारखा' म्हणत नाही.

मग त्याच माणसाने स्वतःच्या ओटीवर, स्वतःच्या माणसासाठी रडले तर आपण अस्वस्थ का होतो? पुष्कळ विचारांती मला वाटते ते असे. कीर्तनात रडणारा पुरुष कोणासाठी रडतो आहे हे कोणालाच कळत नाही. आख्यान रामाचे असते, अश्रू रामाच्या नावे जमा होतात. ज्याचा भाऊ अबोला धरून गेला तो भरतभेटीला रडतो. ज्याची लेक सासरी सुखात नाही तो सीतेसाठी रडतो. आणि शेजारी बसलेला म्हणतो, केवढी भक्ती! ओल्या लाकडाच्या धुराने माझ्या वडिलांसाठी जे केले तेच हरिकथा या माणसांसाठी करते. आम्ही हरिदास पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना धूर पुरवीत आलो आहोत. हे हिणकस काम आहे असे मी म्हणत नाही. पण माझ्या स्वतःवर वेळ आली तेव्हा मला माझाच धूर पुरला नाही.

सात वर्षांपूर्वी श्रावणात माझी पत्नी गेली. मुलगा मुंबईहून रातोरात आला. चौतीस वर्षांचा, स्वतः एका मुलीचा बाप. अग्नी देण्याची वेळ आली आणि तो मोठ्याने रडू लागला. हुंदके नव्हेत, ज्याला आपण हंबरडा म्हणतो तो. चाळीस-पन्नास माणसे उभी होती. कोणी खाली पाहू लागले, कोणी आकाशाकडे. मी पुढे झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणालो, "आवर. माणसे आहेत."

तो थांबला. तोटी फिरवून पाणी बंद करावे तसा तत्क्षणी थांबला, आणि पुढचे सर्व विधी त्याने नीट केले. परतताना कोणीतरी म्हणाले, "धूर फार झाला हो बुवा." मी म्हणालो, "हो, लाकूड ओले होते." ते वाक्य बोलून झाल्यावर माझे मलाच ते ओळखीचे वाटले.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका गावी कीर्तन होते. त्या स्थळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आख्यानाला मी रघुवंशातील अजराजाची कथा घेतली होती. आठव्या सर्गात इंदुमती अकस्मात गतप्राण होते आणि अज तिचे मस्तक मांडीवर घेऊन, राजेपणाचे सहज धैर्य टाकून, विलाप करतो. ही कथा मी तोवर शंभर वेळा तरी सांगितली असेल. गळा कोठे दाटवायचा, किती दाटवायचा, पेटीचा सूर कोठे धरून ठेवायचा, हे सारे बांधलेले होते. हरिदासाचा कंठ भरून येणे हा त्याच्या विद्येचा भाग असतो, आणि त्या विद्येबद्दल तेथेच माझी अनेकदा वाहवा झालेली होती. त्या दिवशी मात्र मी बांधलेल्या जागेच्या अलीकडेच थांबलो, आणि पुढे मला बोलता येईना. चिपळ्या हातातून खाली ठेवल्या. पेटीवाल्याने थोडा वेळ सूर धरला, मग तोही सोडला. दोन-तीन मिनिटे गेली असतील. एका ज्येष्ठ गृहस्थांनी सद्भावनेनेच उठून नामगजर सुरू केला आणि माझे रडणे त्याखाली झाकले गेले.

नंतर व्यवस्थापक मंडळींनी मला बाजूला घेऊन अत्यंत सौजन्याने सांगितले, "बुवा, थोडे दिवस विश्रांती घ्या." पुढच्या वर्षी तेथून बोलावणे आले नाही. बुवांचा तोल गेला, असे कोणी म्हणाल्याचे कानावर आले. खोट्या अश्रूंना बिदागी आणि खऱ्या अश्रूंना विश्रांती! त्या वेळी मला याचा राग आला. आता येत नाही. मुलाला "आवर" म्हणणारा मी, आणि मला "विश्रांती घ्या" म्हणणारे ते, यांत अंतर किती? त्या रात्री पायरीवर बसलो असता एक म्हातारे खलाशी येऊन शेजारी बसले. काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी तंबाखूची पिशवी माझ्यापुढे केली. मी तंबाखू खात नाही हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होते.

कालिदासाने त्या सर्गात पुढे जे लिहिले आहे ते मी तोपर्यंत कधी कीर्तनात घेतले नव्हते. वसिष्ठांचा शिष्य गुरूंचा निरोप घेऊन अजाकडे येतो: शोक आवर, आप्तांचे अखंड अश्रू मृताला जाळतात असे म्हणतात. 'असे म्हणतात' हे शब्द कवीने मुद्दाम घातले आहेत. अज मान लववून निरोप स्वीकारतो आणि शिष्याला आदराने पोहोचवितो. पण कवी सांगतो, की राजाच्या शोकाने भरलेल्या हृदयात त्या उपदेशाला जागाच मिळाली नाही, आणि जणू तोही शिष्याच्या मागोमाग गुरूंकडे परत गेला. पुढे आठ वर्षे, दशरथ लहान होता म्हणून, अज कसेबसे जगला.

आज रात्री मी भवभूतीच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक आख्यानाला घेणार आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या या कवीने रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा दिली आहे. वैद्य औषधी मातीत लिंपून, तोंड बंद करून विस्तवात ठेवतो. बाहेर काही दिसत नाही, आत सारे शिजत असते. लोकाराधनासाठी सीतेचा त्याग केलेला हा राजा अयोध्येत बारा वर्षे असा राहिला. सिंहासनावर रडता येत नाही. तो मोकळा होतो तो पंचवटीच्या अरण्यात, ओळखीची झाडे पाहून; आणि जिच्यासाठी रडतो ती अदृश्य रूपाने शेजारीच उभी असते, हे त्याला ठाऊक नसते. त्याचा शोक पाहून तमसा नदी जे सांगते ते आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून द्यावे लागत नाही. तळे तुडुंब भरले की पाणी वाहून जायला वाट करून द्यावी लागते, नाहीतर बांध फुटतो. या दिवसांत भाताच्या खाचरात मेरेला ठिकठिकाणी वाट ठेवलेली असते. ती लाज म्हणून कोणी झाकून ठेवीत नाही.

स्मशानातल्या त्या दिवसापासून मुलाने माझ्यासमोर आपल्या आईचा विषय काढलेला नाही. येतो, राहतो, प्रकृतीची चौकशी करतो, औषधे आणून देतो. "आवर" म्हटले होते. त्याने ते अक्षरशः पाळले आहे. मीही विषय काढलेला नाही. दोघेही सुशिक्षित आणि समंजस आहोत.

परवा त्याचा दूरध्वनी आला. एकादशीला येतो म्हणाला, सकाळच्या गाडीने उतरेन.

"आख्यान कोणते लावले आहे, अप्पा?"

मी सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. संस्कृत त्याने माझ्यापाशीच शिकले आहे. तिसऱ्या अंकात काय आहे हे त्याला ठाऊक आहे. मग त्याने विचारले, "तिकडे पाऊस कसा आहे?"

"पुष्कळ आहे," मी म्हणालो.

"मग छत्री घेऊन येतो," तो म्हणाला.